नाऊरू : दगड विकून जगलेला देश

वर्गातल्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर त्यावर नाऊरू शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. सापडलाच तर पॅसिफिक महासागराच्या निळ्या पसाऱ्यात एक ठिपका आणि त्याच्या शेजारी ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाव दिसेल. मग या देशाचा ध्वज पाहावा. या ध्वजाइतका सोपा नकाशा दुसरा नाही. निळ्या कापडाच्या मधोमध एक पिवळी आडवी रेघ आहे. ते विषुववृत्त. रेघेच्या किंचित खाली, डाव्या बाजूला, एक पांढरा तारा आहे. तो नाऊरू. ताऱ्याला बारा टोके आहेत, कारण बेटावरचे मूळ लोक बारा कुळांचे. विद्यार्थ्यांना एवढे सांगून बेटाचे अक्षांश विचारावेत. बरीच मुले बरोबर अंदाज करतील. नेमके सांगायचे तर बेट ०° ३२′ दक्षिण अक्षांशावर आणि १६६° ५५′ पूर्व रेखांशावर आहे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा विषुववृत्तापासूनचे अंतर मुलांनीच काढावे.

देशाचे क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आहे. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे चार-पाच देश मावतील. किनाऱ्याने जाणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरांचा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत देशाला प्रदक्षिणा घालून परत येतो. सर्वांत जवळची जमीन म्हणजे पूर्वेला ३०० किलोमीटरांवरचे बनाबा बेट, तेही एवढेसेच. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेअकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. मात्र या गावाला संसद आहे, राष्ट्राध्यक्ष आहे आणि १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांत भारताइतकेच एक मतही आहे. राजधानी मात्र अधिकृतपणे कोणतीच नाही. सरकारी कचेऱ्या यारेन या जिल्ह्यात आहेत, म्हणून पुस्तके यारेनचे नाव देतात.

एवढी माहिती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मिळते आणि तिथेच संपते. खरे तर नाऊरूची गोष्ट त्याच्यापुढे सुरू होते, आणि तिच्यात भूशास्त्र, रसायनशास्त्र, शेती, साम्राज्यशाही, नागरिकशास्त्र आणि थोडे गणितही येते. एका तासिकेत एवढे विषय एकत्र आणणारा दुसरा देश मला तरी माहीत नाही.

बेट आणि बेटाचा दगड

नाऊरू हा समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखी पर्वताचा माथा आहे. भोवतालचा समुद्र चार हजार मीटरांहून अधिक खोल आहे. ज्वालामुखी थंड झाला, त्याच्या माथ्यावर प्रवाळांनी पिढ्यानुपिढ्या चुनखडीचे थर चढवले आणि पुढे हा चुनखडीचा मुकुट समुद्रपातळीच्या वर उचलला गेला. म्हणूनच हे बेट मालदीवसारखे पाण्यालगत सपाट नाही. किनाऱ्याने दीडशे ते तीनशे मीटर रुंदीचा सखल पट्टा आहे, त्याच्या आत कडा चढत जातो आणि वर पठार लागते. पठाराची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७० मीटर. पठाराने बेटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापला आहे आणि त्याच्या नैऋत्येला एका खोलगट जागी बुआडा नावाचे मचूळ पाण्याचे तळे आहे. नदी एकही नाही. पाऊस सरासरीने वर्षाला दोन हजार मिलिमीटर, पण सरासरीवर विश्वास ठेवू नये. एखाद्या वर्षी कोकणासारखा पडतो आणि ला निन्याच्या काळात महिनोन्‌महिने दडी मारतो.

लोक किनाऱ्याच्या पट्ट्यात आणि बुआडाच्या काठी राहत. नारळ, मासे आणि पँडॅनस यांवर जीवन चाले. पँडॅनस म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद; त्याचे फळ खातात आणि पानांच्या चटया विणतात. समुद्रातून मिल्कफिश माशाची बारीक पिले पकडून ती बुआडाच्या तळ्यात वाढवण्याची कला या लोकांकडे होती. तळ्याचे भाग घराघरांत वाटलेले असत. कूळ आईकडून मुलाकडे जाई. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मालक होता, वरच्या पठारालासुद्धा. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१७९८ मध्ये जॉन फर्न नावाचा ब्रिटिश कप्तान इथून गेला. त्याला बेट इतके आवडले की त्याने त्याला ‘प्लेझंट आयलंड’, म्हणजे रम्य बेट, असे नाव दिले. त्यानंतर देवमासे मारणारी जहाजे पाणी आणि नारळ घेण्यासाठी थांबू लागली. बदल्यात त्यांनी दारू दिली आणि बंदुका दिल्या. १८७८ मध्ये कुळाकुळांत भांडण पेटले ते दहा वर्षे चालले. पूर्वी अशी भांडणे भाल्यांनी व्हायची आणि थोडक्यात मिटायची. बंदुकांनी ती मिटेनात. जर्मनीने १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतले तेव्हा सुमारे नऊशे माणसे उरली होती आणि जर्मनांनी त्यांच्याकडून सातशेहून अधिक बंदुका गोळा केल्या. बायका-मुले वगळून हिशेब केला तर काय निघते ते पाहा!

आता त्या दगडाकडे वळू. पठारावर चुनखडीचे उंच सुळके होते आणि सुळक्यांमधल्या खाचा एका तपकिरी, कणीदार द्रव्याने काठोकाठ भरलेल्या होत्या. हे कॅल्शियम फॉस्फेट. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत, म्हणजे ग्वानोत, फॉस्फरस भरपूर असतो. हजारो वर्षे साचलेल्या या विष्ठेतला फॉस्फरस खालच्या चुनखडीतल्या कॅल्शियमशी संयोग पावून असे साठे तयार झाले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. समुद्राची पातळी वरखाली होण्याचाही त्यात वाटा असावा. कसेही झाले असो, जगातल्या सर्वांत उत्तम प्रतीच्या फॉस्फेटचा एक साठा या चिमुकल्या पठारावर तयार झाला आणि बेटावरच्या लोकांना त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग होता तो दूरच्या शेतकऱ्यांना. नुसते खनिज फॉस्फेट पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे पिकाला लवकर मिळत नाही. त्यावर गंधकाम्ल घातले की विद्राव्य फॉस्फेट बनते. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि ‘सुपर फॉस्फेट’चा कारखानदारी काळ सुरू झाला. आपल्याकडे शेतकरी ‘सुपर’ म्हणून जे पोते आणतो ते आजही याच रीतीने तयार होते, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे खनिज भारतालाही बाहेरूनच आणावे लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या जमिनी फॉस्फरसच्या बाबतीत जात्याच दरिद्री. तिथे गहू आणि मेंढ्यांसाठी गवत पिकवायचे तर फॉस्फेट हवेच होते.

सिडनीतली कचेरी

पॅसिफिक आयलंड्स कंपनी नावाची एक व्यापारी कंपनी होती. तिच्या हेन्री डेन्सन नावाच्या माणसाने नाऊरूवरून एक दगड आणला. हे दगड झालेले लाकूड असावे आणि त्याच्या मुलांसाठी गोट्या होतील, असे त्याला वाटले होते. गोट्या झाल्या नाहीत. तो दगड सिडनीच्या कचेरीत दार उघडे राहावे म्हणून दाराला लावला गेला. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याची नजर त्याच्यावर गेली. एलिसने आधी इतर बेटांवर फॉस्फेट पाहिलेले होते. त्याने विचारले, तर हा लाकडाचा दगड आहे असे उत्तर मिळाले. त्याचे समाधान झाले नाही. त्याने तुकडा फोडून तपासला आणि दाराचा दगड उत्तम प्रतीचे फॉस्फेट निघाला.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत फॉस्फेट ओळखण्याची परीक्षा सहज करता येते. चिमूटभर खत नायट्रिक आम्लात विरघळवा, अमोनियम मॉलिब्डेटचे द्रावण घाला आणि कोमट करा. पिवळाधमक साका तळाशी बसतो. एलिसची गोष्ट सांगून हा प्रयोग करून दाखवला तर मुले तो विसरणार नाहीत.

पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, एलिस बनाबा बेटावर उतरला. तिथेही तेच खनिज होते. बनाबाच्या काही लोकांच्या सह्या घेऊन त्याने करार केला: खोदण्याचा हक्क ९९९ वर्षे, मोबदला वर्षाला ५० पौंड. ज्यांनी सह्या केल्या त्यांना संपूर्ण बेटाच्या वतीने सही करण्याचा अधिकार होता का, हे विचारण्याचे कारण कंपनीला वाटले नाही. नाऊरूचे मालक जर्मन होते, त्यामुळे तिथे जर्मन कंपनीशी वाटाघाटी करून हक्क घ्यावे लागले. १९०६ मध्ये खोदकाम सुरू झाले. नाऊरूच्या लोकांना स्वतःचे पठार खोदण्याची हौस नव्हती, म्हणून मजूर चीनमधून आणि इतर बेटांवरून आणले गेले.

जमीनमालकाला मोबदला किती? सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी. त्या काळी एका पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे एक पौंड हाती यायला ४८० टन दगड बेटावरून जायला हवा. आणि दगडाबरोबर त्याच्यावरची माती, झाडे आणि पँडॅनसही जाणार.

पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी बेट घेतले. युद्ध संपल्यावर खरा वाद झाला तो बेट कोणाचे यावर नव्हता, फॉस्फेट कोणाचे यावर होता. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसांत करार करून कंपनीचे हक्क विकत घेतले आणि ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ ही संस्था नेमली. वाटे ठरले: ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. बेरीज शंभर होते. त्यात नाऊरू कुठेच नाही. पुढच्या वर्षी राष्ट्रसंघाने बेट ‘पवित्र विश्वस्त निधी’ या तत्त्वाखाली सांभाळण्यासाठी सोपवले. विश्वस्तांनी फॉस्फेट बाजारभावाने न विकता जवळजवळ खर्चाच्या किमतीत आपल्या शेतकऱ्यांना दिले. ऑस्ट्रेलियातला गहू आणि न्यूझीलंडमधले लोणी स्वस्त राहिले त्यात या बेटाचा वाटा होता. तिथल्या शेतकऱ्याला याची कल्पनाही नसेल, हेही खरे.

पंधराशे

१९२० मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली आणि सुमारे १८ टक्के नाऊरूवासी दगावले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियन प्रशासक ग्रिफिथ्स यांनी म्हटले होते की मूळ लोकांची संख्या १५०० च्या खाली राहिली तर हा समाज टिकणार नाही. असा एखादा जादूचा आकडा नसतो, हे आजचे लोकसंख्याशास्त्र सांगेल. पण बेटावरच्या लोकांनी तो आकडा मनावर घेतला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि गणती १५०० झाली. तो दिवस ‘अंगाम’ म्हणून सण झाला. अंगाम म्हणजे घरी परतणे, मुक्कामाला पोचणे. जनगणनेचा आकडा पूर्ण झाल्याबद्दल सुट्टी देणारा दुसरा देश असेल असे वाटत नाही.

दहा वर्षांनी पुन्हा उतरण लागली. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले. धावपट्टी बांधण्यासाठी घरे पाडली गेली. बेटावर खाणारी तोंडे फार झाली तेव्हा १९४३ मध्ये सुमारे १२०० नाऊरूवासीयांना जहाजांत भरून दीड हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. कुष्ठरोग्यांना एका होडीत बसवून समुद्रात नेले आणि बुडवले. ट्रुकवर उपासमार, रोग आणि बॉम्बवर्षाव यांत ४६३ जण मेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी फॉस्फेट कमिशनर्सच्या जहाजातून ७३७ जण परत आले. १५०० चा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडले.

परतलेल्यांत हॅमर डेरोबर्ट नावाचा विशीतला तरुण होता. त्याचे शिक्षण ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग इथे झाले होते आणि त्याने शिक्षकाचा पेशा पत्करलेला होता. १९५६ मध्ये तो स्थानिक परिषदेचा प्रमुख झाला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे नाऊरूचे राजकारण त्याच्याभोवती फिरले. मोबदला वाढवून मागणे हा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा अवघड होता. फॉस्फेट एक दिवस संपणार हे आता सर्वांना दिसत होते. ऑस्ट्रेलियाने तोडगा सुचवला: सगळ्यांनी बेट सोडावे, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर वसावे आणि ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हावे. वाटाघाटी झाल्या. नाऊरूवाल्यांनी विचारले, तिथे आमचे राज्य असेल का? उत्तर नकारार्थी आले, तेव्हा १९६४ मध्ये त्यांनी तो प्रस्ताव नाकारला. पुढे जे घडले ते पाहून कोणी म्हणेल की चूक केली. मला तसे म्हणवत नाही. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला नवी वसाहत कितीही चांगली असली तरी गाव मिळत नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

३१ जानेवारी १९६८ रोजी नाऊरू स्वतंत्र झाले. तारीख मुद्दाम निवडलेली होती; ट्रुकहून परतल्याला त्या दिवशी २२ वर्षे झाली. खाणीची यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घ्यावी लागली आणि १९७० मध्ये खाण नाऊरूच्या हाती आली. तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी टन फॉस्फेट गेलेले होते आणि बेटाचा एक तृतीयांश भाग खोदून झालेला होता.

एक, अर्धा, एक तृतीयांश

राज्यघटनेने संसदीय पद्धत घेतली, पण राजा किंवा राणी ठेवली नाही. संसद एकच सभागृहाची, मुदत तीन वर्षे. सदस्य आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात आणि तोच सरकारचाही प्रमुख असतो. म्हणजे आपल्याकडचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान एका खुर्चीत बसवले तर जे होईल ते. संसदेचा विश्वास गेला की खुर्चीही गेली. मतदान सक्तीचे आहे.

मते मोजण्याची रीत मात्र नाऊरूची स्वतःची. १९७१ मध्ये न्यायखात्याचे सचिव डेस्मंड डाउडॉल यांनी ती सुचवली. मतदार सर्व उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला १/२, तिसरीला १/३, चौथीला १/४, असे पुढे. गुणांची बेरीज ज्यांची जास्त ते निवडून येतात. अपूर्णांकांवर चालणारी लोकशाही!

वर्गात हे करून पाहावे. ३० मुलांच्या वर्गाला प्रमुख निवडायचा आहे. अ, ब आणि क हे उमेदवार आहेत असे समजा. १३ मुलांचा क्रम अ-ब-क, १२ मुलांचा क-ब-अ आणि ५ मुलांचा ब-क-अ. आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे फक्त पहिली पसंती मोजली तर, अ ला १३, क ला १२, ब ला ५. अ निवडून येतो. नाऊरूच्या पद्धतीने अ ला १३ अधिक १७ चा तिसरा हिस्सा, म्हणजे १८.६७, ब ला ५ अधिक २५ चा निम्मा, म्हणजे १७.५०, क ला १२ अधिक २.५० अधिक ४.३३, म्हणजे १८.८३. क निवडून येतो. आता पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २ आणि तिसरीला १ गुण असे धरून पुन्हा मोजा. अ ला ५६, क ला ५९ आणि ब ला ६५. या वेळी ब जिंकला! मते तीच, मुले तीच, मोजण्याची रीत बदलली की प्रमुख बदलला. कोणती रीत न्याय्य, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. तो नागरिकशास्त्राचा तास कितीतरी पाठांपेक्षा उपयोगी पडेल.

मोजण्याची रीत कितीही चतुर असली तरी छोट्या संसदेच्या अडचणी सुटत नाहीत. राजकीय पक्ष नावापुरते. सगळा कारभार नात्यागोत्यांचा आणि व्यक्तींचा. दोन सदस्य इकडून तिकडे गेले की सरकार पडते. १९८९ ते २००३ या काळात सरकार सतरा वेळा बदलले. सदस्यसंख्या अठरा, म्हणजे सम. २०१० मध्ये नऊ विरुद्ध नऊ अशी कोंडी झाली. एप्रिलमध्ये निवडणूक घेतली तर तेच अठरा जण पुन्हा निवडून आले. जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली, तरी कोंडी सुटायला नोव्हेंबर लागला. शेवटी २०१३ पासून सदस्यसंख्या एकोणीस केली गेली. हा उपाय सुचायला पंचेचाळीस वर्षे लागली, पण उपाय बरोबर होता.

पैसा आला आणि गेला

सत्तरच्या दशकात फॉस्फेटला भाव आला. दरडोई उत्पन्नात हा देश जगातल्या अगदी श्रीमंत देशांच्या रांगेत बसला. कर नाही, आयकर आला तो थेट २०१४ मध्ये. दवाखाना फुकट, शिक्षण फुकट, परदेशी शिकायला जायचे तर खर्च सरकारचा. स्वतःची विमान कंपनी. पिण्याचे पाणी फॉस्फेट न्यायला येणाऱ्या रिकाम्या जहाजांतून भार म्हणून येई. फॉस्फेट संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून निधी बाजूला काढला होता, आणि तो एके काळी शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. कल्पना चांगली होती. निधीतून परदेशांत इमारती आणि हॉटेले घेतली. मेलबर्नमध्ये १९७७ मध्ये ५२ मजली ‘नाऊरू हाउस’ उभे राहिले. पण हिशेब तपासणारे कोणी नव्हते आणि सल्ला देणारे पुष्कळ होते. १९९३ मध्ये लंडनमधल्या लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात देशाचा पैसा घातला गेला. नाटक काही आठवड्यांत बंद पडले. तूट भरायला कर्जे काढली, कर्जे फेडायला इमारती गहाण टाकल्या.

याच काळातली एक गोष्ट मात्र नाऊरूच्या बाजूने जमा करायला हवी. स्वातंत्र्यापूर्वी खणून टाकलेल्या जमिनीचे काय, हा प्रश्न डेरोबर्ट यांनी सोडला नव्हता. १९८६ मध्ये श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या आधारावर मे १९८९ मध्ये नाऊरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. विश्वस्ताने निधीचे काय केले, हा सवाल होता. ऑस्ट्रेलियाने हरकत घेतली की कारभार तीन देशांचा होता, मग एकट्यावर खटला कसा? १९९२ मध्ये न्यायालयाने खटला चालू शकतो असे ठरवले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी त्यात प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा उचलला. त्या वेळी दहा हजारही लोक नसलेल्या देशाने हे केले. डेरोबर्ट मात्र १९९२ मध्येच वारले होते.

तो पैसाही पुरला नाही. नव्वदच्या दशकात नाऊरूने कागदोपत्री बँकांना परवाने दिले. एका टपालपेटीच्या पत्त्यावर शेकडो बँका नोंदल्या गेल्या आणि त्यांतून रशियातला काळा पैसा वाहिला. २००१ मध्ये टाम्पा या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने आपल्या भूमीवर उतरू दिले नाही आणि मदतीच्या बदल्यात नाऊरूवर छावणी उघडली. ती २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पूर्वी बेटाचा दगड विकला जाई. आता बेटाचे दूर असणेच विकले जाऊ लागले. २००४ मध्ये नाऊरू हाउस गेले आणि डिसेंबर २००५ मध्ये विमान कंपनीचे शेवटचे विमान सावकारांनी नेले.

शरीरांवर झालेला परिणाम हिशेबाच्या वह्यांत येत नाही. पॉल झिमेट या ऑस्ट्रेलियन वैद्यक संशोधकाने १९७५ मध्ये केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला. त्या काळी जगात एवढे प्रमाण क्वचितच कुठे नोंदले गेले होते. आनुवंशिकतेचा भाग असेल, पण पठार गेले, बागा गेल्या, आणि जेवण म्हणजे जहाजाने येणारा तांदूळ, साखर आणि डब्यातले मांस असे झाले, हे कारण डोळ्यांसमोर आहे. काही लेखक ‘आळशी श्रीमंत’ म्हणून या लोकांची टिंगल करतात. ज्यांच्या पायाखालची शेतजमीन साठ वर्षे दुसऱ्यांनी नेली त्यांनी काय पिकवायचे होते, हे ते सांगत नाहीत.

खोदलेल्या पठाराचे छायाचित्र मिळाले तर मुलांना अवश्य दाखवा. मधले फॉस्फेट काढून घेतल्यावर उरलेले चुनखडीचे सुळके काही ठिकाणी पंधरा मीटरांपर्यंत उंच आहेत. पांढरट-करडे, ओळीने उभे, मध्ये खोल खाचा. त्यांवरून चालता येत नाही, बांधता येत नाही, पेरता येत नाही. २००६-०७ च्या सुमारास या सुळक्यांच्या तळाशी राहिलेले फॉस्फेट खरवडून काढण्याचे काम सुरू झाले. ते पूर्वीच्या मानाने थोडे आहे.

मिळकतीचा नवा मार्ग समुद्राच्या तळाशी शोधला जात आहे. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान खोल समुद्रतळावर मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे पसरलेले आहेत. तिथे शोध घेणाऱ्या एका कंपनीचा पुरस्कर्ता देश नाऊरू आहे. जून २०२१ मध्ये नाऊरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला कळवले की दोन वर्षांत खाणकामाचे नियम तयार करा. २०२३ मध्ये मुदत संपली, नियम तयार झाले नव्हते. खोल समुद्रातल्या जीवसृष्टीचे काय होईल, म्हणून अनेक देश आणि वैज्ञानिक थांबा म्हणत आहेत. खाणीने बेट खाल्लेला देशच दुसरी खाण मागतो आहे, याचे काहींना आश्चर्य वाटते.

दरम्यान समुद्र चढतो आहे. जवळजवळ सगळी घरे, दवाखाना, शाळा आणि धावपट्टी किनाऱ्याच्या त्या सखल पट्ट्यात आहेत. मालदीव किंवा तुवालूसारख्या देशांना चढायला उंच जमीनच नाही. नाऊरूला ती आहे. म्हणून सरकारने लोकवस्ती वर हलवण्याची योजना आखली आहे आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला २०२५ पासून नागरिकत्व विकायला काढले आहे, किंमत एक लाख अमेरिकन डॉलरच्या थोडी वर. हलायचे आहे ते त्याच खोदलेल्या पठारावर. तिथे आधी सुळके फोडायचे, खाचा भरायच्या, जमीन सपाट करायची आणि मग माती आणायची. त्यातला प्रत्येक तुकडा आजही कोणत्या ना कोणत्या कुटुंबाच्या मालकीचा आहे. वारसांची नावे वाढत गेली आहेत, आणि घर बांधण्यापूर्वी त्या सगळ्यांना विचारावे लागते.